जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुठून आणायचा?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या धाकट्या भावाला घरफोडीच्या गुन्ह्यात अटक झाली. सत्र न्यायालयाने २५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक स्थानिक जामीनदार या अटींवर जामीन मंजूर केला, आणि त्या आदेशाला ७० दिवस उलटले तरी तो तुरुंगातच आहे. वडिलांच्या नावे दोन एकर जमीन आहे, पण ती दुसऱ्या जिल्ह्यात असल्यामुळे ‘हा जामीनदार चालणार नाही’ असे आपल्याला सांगण्यात आले. यात चूक कोणाची, न्यायालयाने सोडा म्हटलेला माणूस आत राहतोच कसा आणि आता काय करावे, असे आपण विचारले आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो आणि त्यातला बराच काळ गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर राहून तुरुंगात कच्च्या कैद्यांना, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या बंद्यांना, भेटत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या भावाची अडचण अपवादात्मक नाही आणि तिच्यावरचा इलाज बराचसा कायद्यातच लिहिलेला आहे. फक्त तो इलाज आपणहून करणे हे कोणाच्याच रोजच्या कामात मोडत नाही.

आपल्याला जे सांगण्यात आले, जवळजवळ तेच १९७८ साली मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातील एका गवंड्याला सांगण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला आणि अटी ठरवण्याचे काम खालच्या न्यायालयावर सोपवले. दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि मोतीरामचा भाऊ उभा राहिला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. प्रकरण परत सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोतीरामला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला आणि जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला किंवा दुसऱ्या राज्यातला आहे एवढ्याच कारणाने त्याला नाकारणे चुकीचे आहे, असे स्पष्ट केले. त्या निकालाला पाच दशके होत आली, आणि तरी आपल्या वडिलांचा सातबारा टेबलावरून परत येतो. त्यामुळे कायदा बदलला की प्रश्न सुटेल, या म्हणण्यावर माझा फारसा विश्वास राहिलेला नाही.

जामिनाचा आदेश झाल्यापासून तुरुंगाचे दार उघडेपर्यंत नेमके काय घडते, हे बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. आदेशात जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेले बंधपत्र असते: तारखेला हजर राहीन, न राहिल्यास अमुक रक्कम भरीन. जामीनदार हा दुसरा माणूस. आरोपी हजर राहील याची हमी तो देतो आणि हमी मोडल्यास रक्कम त्याच्याकडून वसूल होते. हा माणूस शोधून त्याला एका कामाच्या दिवशी, स्वतःचा रोज बुडवून, न्यायालयात आणावा लागतो. सोबत आधार कार्ड, शिधापत्रिका, फोटो, नोकरदार असेल तर पगारपत्रक, शेतकरी असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ लागतो. काही न्यायालये याशिवाय तहसीलदारांकडचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि तो मिळायलाच आठ-पंधरा दिवस जातात. मग कागद पोलीस ठाण्याकडे पडताळणीला जातात. ठाण्यात त्या दिवशी बंदोबस्त असला की पडताळणी पुढच्या आठवड्यावर जाते. ती परत आली की न्यायाधीशांसमोर जामीनदाराची उलटतपासणी म्हणावी अशी विचारपूस होते: आरोपीला कधीपासून ओळखता, आधी कोणाला जामीन राहिला आहात का, ही जमीन गहाण आहे का. हे सगळे पार पडल्यावर सुटकेचा आदेश तयार होतो आणि तो तुरुंगात पोहोचावा लागतो. आर्थर रोड तुरुंगाबाहेरची जामीनपेटी २०२१ साली साऱ्या देशाला ठाऊक झाली ती एका नामवंत अभिनेत्याच्या मुलामुळे. त्याच्या सुटकेचा आदेश संध्याकाळी साडेपाचच्या आत पेटीत पडला नाही आणि त्याची एक रात्र तुरुंगात वाढली. त्या एका रात्रीची बातमी झाली. आपल्या भावाच्या ७० रात्रींची होत नाही, हे मी कडवटपणे म्हणत नाही, पण आकडा नजरेसमोर असावा म्हणून लिहितो.

जामीनदार मिळणे अवघड का जाते, हेही समजून घेतले पाहिजे. हमी मोडली तर न्यायालय जामीनदाराला दंडाची नोटीस काढते. दंड वसूल झाला नाही तर त्याला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. दंडाचा काही भाग माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे आणि तो पुष्कळदा वापरला जातो, पण गावातल्या माणसाला ‘सातबाऱ्यावर बोजा चढेल’ एवढेच ऐकू आलेले असते. शहरात मजुरीला आलेल्या माणसाच्या ओळखी असतात त्या त्याच्यासारख्याच भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांच्या. पारधी समाजातल्या माणसाची तर गोष्टच निराळी. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच लावलेला शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. पण एका पारधी तरुणासाठी जामीनदार शोधताना मी पाहिले आहे की ज्या शेतकऱ्याच्या रानात तो दहा वर्षे राखणीला होता, तो शेतकरीसुद्धा न्यायालयाच्या पायरीवरून मागे फिरला. ‘पोरगा चांगला आहे वकीलसाहेब, पण उद्या पोलीस माझ्याकडे आले तर?’ एवढेच तो म्हणाला.

न्यायालयांची बाजूही मांडतो, कारण ती मांडली नाही तर हे उत्तर अर्धेच राहील. न्यायालयांच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारी माणसे असतात. एकच शिधापत्रिका वेगवेगळ्या फोटोंसह चार खटल्यांत आलेली मी स्वतः पाहिली आहे. आरोपी पळाला, जामीनदाराचा पत्ता खोटा निघाला आणि साक्षीदार येऊन येऊन थकले की खटला वर्षानुवर्षे पडून राहतो. फिर्यादीलाही न्याय हवा असतो, ज्याच्या घरातून दागिने गेले त्याच्या मनात आरोपीच्या स्वातंत्र्याविषयी फारशी आस्था नसते, आणि ते स्वाभाविक आहे. न्यायाधीश आणि कर्मचारी जामीनदाराबाबत कडक होतात त्यामागे हा अनुभव आहे. माझी हरकत पुढच्या पायरीला आहे. पडताळणी जितकी कडक झाली, तितका पेशेवर जामीनदाराचा दर वाढला, कारण त्याचे कागद नेहमी चोख असतात. अडकला तो खराखुरा, पण कच्च्या कागदांचा नातेवाईक.

आता आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातील १,३३० तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती. म्हणजे १०० माणसांच्या जागेत १३१ माणसे. यातील ४,३४,३०२ जण, म्हणजे साधारण ७६ टक्के, न्यायाधीन बंदी होते, ज्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत झालेला नाही. कच्च्या कैद्यांची संख्या तुरुंगांच्या एकूण क्षमतेच्या जवळपास तंतोतंत भरते. त्यामुळे नवे तुरुंग बांधावेत की नाही हा वाद मला नेहमीच थोडा उलटा वाटतो. तीन माणसांच्या जागेत चौथा आणून कोंबला जातो तेव्हा त्या चौघांपैकी तिघांचा निकाल लागलेला नसतो.

मग जबाबदारी कोणाची? मी हा प्रश्न तिन्ही टेबलांवर विचारला आहे. न्यायालयाच्या दृष्टीने जामीन अर्ज निकाली निघाला आणि त्या महिन्याच्या निकाली प्रकरणांत त्याची गणती झाली. तुरुंगाच्या दृष्टीने सुटकेचा आदेश आलेला नाही, त्यामुळे त्यांच्या नोंदवहीत तो साधा न्यायाधीन बंदी आहे. वकिलाच्या दृष्टीने, आणि हे मी माझ्याच व्यवसायाविषयी लिहितो आहे, जामीन मिळवून देण्यापुरतीच फी ठरलेली होती. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, आणि माणूस आत राहतो.

ही फट सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आली नाही असे नाही. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ रोजी संविधान दिनाच्या कार्यक्रमात न्यायाधीशांसमोरच गरीब कैद्यांचा विषय काढला, आणि ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जामीन धोरणाविषयीच्या स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात जे निर्देश दिले, ते आपल्या कामाचे आहेत. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांना पाठवायची. त्यानंतर सात दिवसांत बंदी सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे आणि सचिवांनी विधी स्वयंसेवक किंवा तुरुंगभेटीचा वकील पाठवून अडचण काय आहे ते पाहायचे. ऐपत नसल्याचे दिसले तर त्याच्या सामाजिक-आर्थिक परिस्थितीचा अहवाल करून तो न्यायालयापुढे ठेवता येतो. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही तर न्यायालय स्वतःहून प्रकरण घेऊन अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. आणि स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, म्हणून ती अट घालू नये, असेही त्यात सुचवले आहे. आपल्या भावाच्या बाबतीत सातवा दिवस कधीच गेला, तिसावाही गेला. तो सचिवांच्या यादीत आला का, हे आपण विचारायला हवे, कारण यादीत नाव न येण्याचे सर्वांत सामान्य कारण एवढेच असते की तुरुंगाच्या संगणकात जामिनाची तारीख कोणी भरलेलीच नसते.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. आधी जामीन आदेशाची नक्कल मिळवून शब्दन् शब्द वाचा. ‘स्थानिक’ हा शब्द खरोखर आदेशात आहे की टेबलावरच्या रिवाजात आहे, हे पाहा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तो आदेशात नसतोच. नसेल तर वडिलांना त्यांच्या सातबाऱ्यासह थेट न्यायाधीशांसमोर उभे करावे आणि जामीनदार नाकारायचा असल्यास तसा कारणांसह लेखी आदेश द्यावा, अशी नम्र विनंती वकिलांनी करावी. असेल तर त्याच न्यायालयात अट शिथिल करण्याचा अर्ज करावा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८४ मध्ये बंधपत्राची रक्कम परिस्थितीचा योग्य विचार करून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी असे म्हटले आहे, आणि कलम ४९० नुसार बंधपत्राऐवजी रोख रक्कम भरण्याची मुभा न्यायालय देऊ शकते. आमच्याकडे ‘तात्पुरता रोख जामीन’ म्हणतात तो मार्ग बहुतेक न्यायाधीश मान्य करतात: ठरावीक रक्कम भरून माणूस बाहेर येतो आणि चार ते आठ आठवड्यांत जामीनदार देण्याची हमी देतो. बाहेर आलेला माणूस स्वतःचा जामीनदार स्वतः शोधतो, आणि तो त्याला बहुधा मिळतो, हेही मी पाहिले आहे.

रोख रक्कमही उभी राहत नसेल तर केंद्र सरकारच्या २०२३ पासूनच्या गरीब कैदी साहाय्य योजनेतून न्यायाधीन बंद्यासाठी रक्कम न्यायालयात भरता येते (२०२३ च्या मूळ योजनेत तिची मर्यादा ४०,००० रुपये होती). निर्णय जिल्हा पातळीवरची समिती घेते. तिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतात. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा यांसारखे गुन्हे तिच्या कक्षेबाहेर आहेत, आपल्या भावाचा गुन्हा तसा नाही. अर्ज सचिवांच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. वकिलाची फी परवडत नसेल तर लोकअभिरक्षक कार्यालयात, म्हणजे विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत बचाव वकिलांच्या कार्यालयात, जावे. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार तो कोठडीत आहे एवढेच पुरते. १५१०० हा मदतीचा क्रमांक आहे.

भावावर आणखी गुन्हे आहेत का, हे आपण लिहिलेले नाही, पण चोरी-घरफोडीच्या प्रकरणांत एका अटकेनंतर जुने न उलगडलेले गुन्हेही त्याच माणसावर ‘वर्ग’ होतात आणि प्रत्येकात वेगळा जामीन, वेगळा जामीनदार लागतो. तसे असेल तर गिरीश गांधी प्रकरणातला २२ ऑगस्ट २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना दाखवा. त्या माणसावर १३ गुन्हे होते, सर्वांत जामीन मिळाला होता, पण इतके जामीनदार आणणे त्याला अशक्य होते. न्यायालयाने तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील असा मार्ग काढला. जामीनदार म्हणून माणूस फार तर जवळचा नातेवाईक किंवा जुना मित्र आणू शकतो, आणि फौजदारी प्रकरणात तेवढी माणसेही कमी होतात, कारण लाजेपायी कोणाला सांगितलेलेच नसते, हे त्या निकालातले निरीक्षण वाचताना मला कोणीतरी आमच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात उभे राहून लिहिले आहे असे वाटले.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ विषयीही बरीच चर्चा होते, म्हणून त्याबद्दल माझे मत सांगतो. ज्याला पूर्वी कधी शिक्षा झालेली नाही अशा बंद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ, आणि इतरांनी निम्मा काळ, तुरुंगात काढला की त्याला सोडावे, असे हे कलम सांगते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे त्यातून वगळले आहेत. अर्ज करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे, ही चांगली गोष्ट आहे. राहत्या घरातील चोरीला कमाल सात वर्षे शिक्षा आहे, त्यामुळे एक-तृतीयांश म्हणजे दोन वर्षे चार महिने होतात. पण याच कलमात असेही म्हटले आहे की ज्याच्यावर एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणे प्रलंबित आहेत, त्याला याखाली सोडता येणार नाही. तुरुंगात सर्वांत जास्त काळ खितपत पडणारा माणूस कोण असतो? मोबाइल चोरीच्या चार प्रकरणांतला, जामीनदार नसलेला. नेमका तोच या तरतुदीतून बाहेर पडतो. सुधारणा म्हणून या कलमाचे कौतुक करणाऱ्यांनी एकदा एखाद्या बॅरकमध्ये जाऊन किती जण त्यात बसतात ते मोजावे.

जामीनदार ही पद्धतच मोडीत काढावी का, हा यापुढचा वाद. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने सप्टेंबर २०२३ पासून पैशावरचा जामीन बंद केला. आपल्याकडे हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ सालीच न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले होते की माणूस पळेल की नाही हे त्याच्या पैशावरून न ठरवता तो त्या वस्तीत किती वर्षे राहतो, काम काय करतो, घरी कोण आहे, त्याच्याविषयी कोण शब्द देईल यावरून ठरवावे आणि मुळे घट्ट असतील तर जातमुचलक्यावर सोडावे. मी या बाजूचा आहे, पण एका अटीवर: ही माहिती न्यायाधीशांपुढे कोणीतरी ठेवली पाहिजे. आज ती ठेवणारे कोणी नसते. रिमांडच्या वेळी न्यायाधीशांपुढे असते ती पोलिसांची टिपणी, आणि तिच्यात आरोपीचा पत्ता पुष्कळदा ‘फिरस्ता’ असा लिहिलेला असतो. ज्याचे घर पोलिसांनीच रस्त्यावर लिहिले, त्याला मुळे आहेत असे न्यायाधीश कशावरून मानणार? एखाद्या विधी स्वयंसेवकाने वस्तीत अर्धा दिवस जाऊन दोन पानी अहवाल आणला तर जातमुचलक्यावर सुटका होण्याची शक्यता किती वाढते, हे मी पुन्हा पुन्हा अनुभवले आहे. त्याऐवजी आरोपीच्या फोनवरून त्याचे ठिकाण सतत पोलिसांना दिसावे, अशी अट घालण्याची टूम निघाली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी फ्रँक व्हायटस प्रकरणात खाजगीपणाच्या मुद्द्यावर अमान्य केली. मला तो निर्णय योग्य वाटतो.

शेवटची गोष्ट सर्वांत तातडीची आहे. दोन-तीन महिने गेले की बॅरकमध्ये जुने कैदी सांगू लागतात, ‘कबूल करून टाक, भोगलेल्या शिक्षेवर सुटशील.’ हे खोटे नसते. कोठडीतले दिवस शिक्षेतून वजा होतात आणि लहान गुन्ह्यात कबुली दिलेला माणूस पुष्कळदा त्याच संध्याकाळी बाहेर येतो, न केलेला गुन्हा कबूल करूनसुद्धा. माझ्या एका अशिलाने मला न कळवता असेच केले. पावणेदोन वर्षांनी त्याच वस्तीत चोरी झाली, पोलिसांनी आधी त्यालाच उचलले, आणि एक-तृतीयांश काळाची सवलत मागायला गेलो तेव्हा त्याच्या नावापुढे आधीची शिक्षा होती. आपला भाऊ पुढच्या तारखेला कदाचित व्हिडिओ कॉन्फरन्सवर उभा राहील, तेव्हा शेजारी सल्ला द्यायला कोणी नसेल. म्हणून अर्ज तयार होण्याची वाट न पाहता या आठवड्याच्या मुलाखतीला, म्हणजे तुरुंगातल्या भेटीला, जा आणि त्याला एवढे नक्की सांगा की सुटकेचा अर्ज दाखल होतो आहे, तोपर्यंत वकिलांशी बोलल्याशिवाय कोणत्याही कागदावर कबुलीची सही करायची नाही.